नोंदीत खंड पडू नये म्हणून

अलिबागला जाणारे बहुतेक मुंबईकर ओहोटी असेल तर किल्ला पाहतात, मासे खातात आणि संध्याकाळच्या लाँचने गेटवेला परततात. तिथल्या चुंबकीय वेधशाळेकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, आणि वरवर पाहता तिथे लक्ष जाण्यासारखे काही नाहीही. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते तेव्हा परवानगी काढून मुलांना तिथे नेत असे, आणि दर वेळी मुलांची पहिली प्रतिक्रिया निराशेची असे. पण ती वेधशाळा अलिबागला का आहे हे सांगितले, की मुले गप्प होऊन ऐकत.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापे होत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतल्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचे घाटू लागले, आणि रुळांतून वाहणाऱ्या विजेमुळे कुलाब्याच्या नाजूक सुया कायमच्या बिघडणार हे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या लक्षात आले. त्यांनी अलिबागची जागा निवडली, पोरबंदरच्या अचुंबकीय दगडात इमारत बांधून घेतली, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका एकमेकींशी जुळवता येईल आणि नोंदीत खंड पडणार नाही. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली. तोपर्यंत वेधशाळा खाडीपलीकडे स्थिरावली होती.

अणुचाचणीबंदीच्या पडताळणीविषयी काही वाचले की मला हमखास अलिबाग आठवते. सूक्ष्म गोष्ट मोजायची तर गोंगाटापासून दूर जावे लागते, जुन्या नोंदीशी नवी नोंद जुळवून घ्यावी लागते, आणि कोणी पाहत नसतानाही वर्षानुवर्षे मोजत राहावे लागते. या तिन्ही गोष्टींना पैसा लागतो आणि तिन्हींतली एकही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. आमच्या चेंबूरच्या सोसायटीची मी सध्या खजिनदार आहे. गेल्या वार्षिक सभेत एका सभासदांनी सीसीटीव्हीच्या देखभालीचे कंत्राट बंद करण्याची सूचना मांडली, कारण काय, तर चार वर्षांत एकही चोरी झाली नाही. तो मुद्दा खोडून काढायला मला पाऊण तास लागला. अणुचाचणीबंदी कराराची पडताळणी करणाऱ्या व्हिएन्नातल्या ज्या संस्थेविषयी, म्हणजे ‘सीटीबीटीओ’विषयी, मी इथे लिहिणार आहे, तिला हाच युक्तिवाद दरवर्षी देशोदेशींच्या अर्थखात्यांसमोर करावा लागत असणार, असे त्या रात्री मनात आले.

सर्वंकष अणुचाचणी बंदी करार, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांचा ‘सीटीबीटी’, २४ सप्टेंबर १९९६ रोजी स्वाक्षरीसाठी खुला झाला. आजवर १८७ देशांनी त्यावर सही केली आहे, तरीही तो कायद्याने अमलात आलेला नाही. कराराच्या परिशिष्टात नावानिशी दिलेल्या ४४ देशांनी त्याला अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतरची अंतिम मंजुरी, दिल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि त्यांपैकी भारत, पाकिस्तान व उत्तर कोरिया यांनी सहीच केलेली नाही, तर अमेरिका, चीन, इराण, इस्राएल आणि इजिप्त यांनी सही करून अनुसमर्थन अडवून ठेवले आहे. अमेरिकी सिनेटने १९९९ साली तो फेटाळला आणि रशियाने दिलेले अनुसमर्थन २०२३ च्या नोव्हेंबरात मागे घेतले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी इतर देशांच्या बरोबरीने चाचण्या सुरू करण्याचे आदेश दिल्याचे जाहीर केले, आणि आठवड्याभरात रशियाच्या अध्यक्षांनीही आपल्या अधिकाऱ्यांकडून चाचणीच्या संभाव्य तयारीविषयी प्रस्ताव मागवले. असा हा अधांतरी करार, पण त्याची पडताळणी करणारे यंत्र मात्र जवळजवळ पूर्ण उभे राहिले असून रात्रंदिवस चालू आहे. बांधकामाला परवानगी मिळण्याआधीच अग्निशमन यंत्रणा बसलेली इमारत आपण मुंबईत तरी कधी पाहिलेली नाही.

पडताळणीचा प्रश्न या विषयात शेपटासारखा मागून आलेला नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर पंधरा मेगाटनांचा स्फोट केला, त्याची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरच्या तेवीस खलाशांवर पडली, आणि जेमतेम महिन्याभरानंतर, २ एप्रिल रोजी, जवाहरलाल नेहरूंनी लोकसभेत चाचण्या निदान आहेत तिथे थांबवाव्यात अशी मागणी केली. जगात असा जाहीर प्रस्ताव मांडणाऱ्या पहिल्या राज्यकर्त्यांमध्ये त्यांची गणना होते. त्यानंतर नऊ वर्षे वाटाघाटी चालल्या आणि त्या शेवटी एका अंकावर अडल्या: संशय आला तर प्रत्यक्ष जागेवर वर्षाला किती तपासण्या होऊ द्यायच्या. अमेरिका सातांवर आली, सोव्हिएत संघ तिनांपलीकडे जायला तयार नव्हता. म्हणून १९६३ च्या मॉस्को करारात हवेतल्या, पाण्यातल्या आणि अंतराळातल्या चाचण्यांवर बंदी आली आणि जमिनीखालच्या तेवढ्या मोकळ्या राहिल्या, कारण जमिनीखालचे खात्रीने ओळखता येईल की नाही यावर एकमत नव्हते. जगात आजवर दोन हजारांहून अधिक अणुचाचण्या झाल्या आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश जमिनीखाली झाल्या. मोजमापावरच्या अविश्वासाची ही किंमत आहे.

१९७६ साली स्वीडनच्या पुढाकाराने जिनिव्हात भूकंपशास्त्रज्ञांचा एक गट बसला. त्या वेळी कराराचा मागमूसही नव्हता. या गटाने वीस वर्षे निरनिराळ्या देशांची भूकंपमापके एकमेकांना जोडण्याचे प्रयोग केले, आकडे कोणत्या स्वरूपात पाठवायचे इथपासून वाद घातले आणि सोडवले. राजकारण्यांचे मन वळले तेव्हा तंत्र तयार होते. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो आणि पुढे भारताविषयी लिहिताना मी त्याकडे परत येणार आहे.

आज व्हिएन्नाच्या संस्थेच्या पडताळणी जाळ्याच्या आराखड्यात ३३७ ठिकाणे आहेत: ३२१ केंद्रे आणि १६ प्रयोगशाळा, ८९ देशांत पसरलेली. त्यांतली तीनशेहून अधिक प्रमाणित होऊन कामाला लागली आहेत. केंद्रे चार प्रकारची आहेत. जमिनीचे कंप टिपणारी १७० केंद्रे, समुद्रातला ध्वनी ऐकणारी ११, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा अतिमंद ध्वनी हवेत टिपणारी ६०, आणि हवेतले किरणोत्सारी कण गाळून तपासणारी ८०, ज्यांच्यापैकी निम्म्या ठिकाणी झेनॉनसारखे निष्क्रिय वायूही मोजायचे आहेत.

भूकंप आणि स्फोट वेगळे कसे ओळखतात, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. किल्लारीचा भूकंप १९९३ साली अनंत चतुर्दशीच्या रात्री, म्हणजे तारखेने ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी झाला, आणि विसर्जनाहून परतून नुकते झोपलेले लोक ढिगाऱ्याखाली गेले. त्या वेळी खडकांचे दोन थर एकमेकांवरून सरकले. वह्यांची चळत आडवी ढकलावी तसे. अशा सरकण्यातून आडव्या हलवणाऱ्या दुय्यम लहरी जोरदार निघतात. स्फोटात मात्र फुगा फुगावा तसा खडक एकाच वेळी सर्व दिशांना बाहेर दाबला जातो, त्यामुळे आधी पोहोचणाऱ्या दाबाच्या लहरी जोरकस असतात आणि आडव्या लहरी त्या मानाने दुबळ्या. या दोहोंच्या गुणोत्तरावरून आणि कंप कुठे व जमिनीखाली किती खोल उगम पावला यावरून बहुतेक वेळा उत्तर मिळते. मी वर्गात खरोखरच एक फुगा आणि वह्यांची चळत घेऊन जात असे. फुगा फुटल्यावर मागच्या बाकांवरही जाग येई.

परंतु कंपांवरून स्फोट झाला एवढेच कळते, तो अणुस्फोट होता हे कळत नाही. एखादा देश हजार टन रासायनिक स्फोटके जाळून जगाची दिशाभूल करू शकतो. त्यासाठी झेनॉन हवा. अणुविखंडनातून झेनॉनची जी समस्थानिके, म्हणजे एकाच मूलद्रव्याची वेगवेगळ्या वजनाची रूपे, तयार होतात, ती निष्क्रिय वायू असल्यामुळे खडकाशी संयोग पावत नाहीत आणि भेगांमधून कधी ना कधी वर झिरपतात. उत्तर कोरियाने ९ ऑक्टोबर २००६ रोजी एक किलोटनाहूनही, म्हणजे हजार टन टीएनटीच्या ताकदीहूनही, लहान चाचणी केली, तेव्हा जाळे अर्धवट उभे होते, तरी कंप टिपले गेले, आणि दोन आठवड्यांनी कॅनडाच्या उत्तरेतल्या येलोनाइफ केंद्रावर झेनॉन सापडला. वाऱ्याचा उलटा माग काढला तर तो कोरियाच्या दिशेने जात होता. १२ फेब्रुवारी २०१३ च्या चाचणीनंतर झेनॉन जपानच्या ताकासाकीला पोहोचला तो तब्बल ५५ दिवसांनी. आणि २००९ च्या चाचणीनंतर मात्र झेनॉनचा पत्ताच लागला नाही. ज्या समस्थानिकाची मात्रा सव्वापाच दिवसांत निम्मी होते, त्याची वाट किती केंद्रे किती दिवस पाहू शकतात यावर सारे अवलंबून असते. म्हणून २०१७ साली जपानने या कामासाठी नेहमीच्या वर्गणीखेरीज चोवीस लाखांहून अधिक डॉलर दिले, आणि त्या पैशातून होरोनोबे व मुत्सु इथे हलवता येण्याजोगी झेनॉनमापके बसली. निधीचा प्रत्यक्ष कामाशी इतका सरळ संबंध क्वचित दिसतो.

झेनॉनच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि तिचा धागा थेट परळपर्यंत येतो. टाटा रुग्णालयात हाडांचे स्कॅन करताना रुग्णाला जे टेक्निशियम टोचतात, ते मॉलिब्डेनमपासून मिळते, आणि जगात ते मॉलिब्डेनम मुख्यतः युरेनियमच्या विखंडनातून तयार करतात. त्या कारखान्यांच्या धुरांड्यांतूनही झेनॉन बाहेर पडतो. म्हणजे कर्करुग्णाच्या तपासणीमागचा कारखाना आणि बॉम्बची चाचणी यांची सही जवळजवळ सारखी दिसते. काही उत्पादकांनी आपले उत्सर्जन कमी करण्याचे स्वतःहून मान्य केले आहे, पण फरक ओळखण्यासाठी अधिक बारीक उपकरणे आणि प्रत्येक ठिकाणच्या नेहमीच्या पातळीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. इथे पुन्हा अलिबाग आलेच: नेहमीचे काय हे ठाऊक नसेल, तर वेगळे काय हे कळत नाही.

पाणी आणि हवा यांच्याविषयी थोडक्यात. समुद्रात एका ठरावीक खोलीवर ध्वनी हजारो किलोमीटर विरून न जाता प्रवास करतो, त्यामुळे अकरा केंद्रांत सगळे महासागर ऐकता येतात. आर्जेंटिनाची ‘सान हुआन’ पाणबुडी १५ नोव्हेंबर २०१७ रोजी बेपत्ता झाली, तेव्हा दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवरच्या आणि अटलांटिकमधल्या असेन्शनच्या केंद्रांनी टिपलेल्या आवाजावरून शोधाची जागा आखता आली, आणि वर्षभराने ती पाणबुडी सापडली. चागोस बेटांजवळच्या केंद्राच्या नोंदींत शास्त्रज्ञांना निळ्या देवमाशांची एक आजवर अज्ञात टोळी तिच्या गाण्यावरून ओळखू आली. २०१३ सालची चेल्याबिन्स्कची उल्का आणि २०२२ सालचा टोंगाचा ज्वालामुखी हवेतल्या अतिमंद ध्वनीने टिपले. हे सारे फायदे खरे आहेत, पण त्यांची जाहिरात जरा जास्तच केली जाते असे माझे मत आहे. देवमासे मोजण्यासाठी इतके महाग जाळे कोणी बांधणार नाही, आणि निधी मागताना देवमासा पुढे करणे म्हणजे मूळ कामाबद्दल आपलाच विश्वास डळमळल्यासारखे आहे.

आता पैशाचे. या संस्थेचा वर्षाचा खर्च सुमारे तेरा कोटी डॉलर, म्हणजे साधारण अकराशे कोटी रुपये आहे. आपल्या मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एका शहराच्या महापालिकेच्या वार्षिक खर्चाच्या साठाव्या हिश्शाहूनही कमी पैशात पृथ्वीभरची जमीन, समुद्र आणि हवा यांवर नजर ठेवली जाते, हे गणित मी तीनदा करून पाहिले. वर्गणी संयुक्त राष्ट्रांच्या मोजपट्टीवरून ठरते, म्हणजे श्रीमंत देश अधिक देतात आणि एकट्या अमेरिकेचा वाटा पाचव्या हिश्शाहून जास्त असतो. वर्षभरात वर्गणी पूर्ण न भरणाऱ्या देशाचा मताधिकार थांबतो. आमच्या सोसायटीच्या थकबाकीदारांना हे वाचून दाखवावेसे वाटले होते.

मात्र एवढ्या पैशात आता भागणार नाही. केंद्रे बांधण्याचा काळ जवळजवळ संपला असून ती बदलण्याचा काळ आला आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बसवलेल्या उपकरणांचे सुटे भाग मिळत नाहीत. जी केंद्रे एकांतात आहेत म्हणून चांगली, तीच एकांतात आहेत म्हणून दुरुस्तीला महाग. चिलीच्या हुआन फर्नांदेझ बेटांवरचे सागरी केंद्र २७ फेब्रुवारी २०१० च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झाले आणि पुन्हा कार्यरत व्हायला चार वर्षे लागली. समुद्रतळावरून केबल टाकायची तर योग्य जहाज, योग्य ऋतू आणि निधी हे तिन्ही एकाच वेळी जुळून यावे लागतात. युरोपीय संघासारखे दाते जादा रक्कम देतात, पण ऐच्छिक देणगी बहुधा दात्याच्या आवडीच्या कामाला मिळते, आणि जुनी केबल बदलणे हे कोणाच्याच आवडीचे काम नसते. म्हणून देखभालीचा पैसा ठरलेल्या वर्गणीतून आणि पुढच्या अनेक वर्षांचा विचार करून वेगळा काढलेल्या निधीतून यावा. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आपण सिंकिंग फंड ठेवतो, आणि तो फंड प्लास्टर पडल्यानंतर गोळा करायला निघत नाही, निदान निघू नये.

पैशाने न सुटणारा भाग त्याहून अवघड आहे. करार लागू नसल्यामुळे केंद्रांनी आकडे पाठवणे हे आज यजमान देशाच्या मर्जीवर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये रशियात न्योनोक्साजवळ क्षेपणास्त्राशी संबंधित अपघात झाला, तेव्हा त्यानंतरच्या दिवसांत रशियातल्या काही किरणोत्सारमापक केंद्रांकडून आकडे येणे थांबले होते. दुसरी उणीव जागेवरच्या तपासणीची. करारानुसार एक हजार चौरस किलोमीटरपर्यंतच्या क्षेत्रात पथक जाऊ शकते, पण करार लागू झाल्यावरच, आणि तेही ५१ सदस्यांच्या कार्यकारी परिषदेतल्या किमान तिसांनी होकार दिल्यावर. तोपर्यंत फक्त सराव चालतात: २००८ साली कझाकस्तानातल्या सेमिपलातिन्स्कला आणि २०१४ साली जॉर्डनमध्ये मृत समुद्राजवळ असे मोठे सराव झाले. अमेरिकेने २००१ मध्येच ठरवले की या तपासणीच्या तयारीसाठी आपण पैसे देणार नाही. १९६३ साली ज्या प्रश्नावर घोडे अडले होते, नेमक्या त्याच कामाचा खिसा सर्वांत हलका ठेवला गेला, यात योगायोग नसावा.

तिसरी उणीव लहान स्फोटांची. जाळ्याची आखणी सुमारे एक किलोटनाचा स्फोट कुठेही हुकू नये अशा बेताने झाली होती, आणि अनेक प्रदेशांत ते त्याहून बरेच लहान स्फोटही टिपते. पण मोठ्या पोकळीत स्फोट केला तर त्याचे कंप दबतात. १९६६ साली अमेरिकेने मिसिसिपीत मिठाच्या थरातल्या जुन्या पोकळीत केलेल्या स्फोटाचे कंप सुमारे सत्तर पटींनी क्षीण झाले होते. आणि दूर जाण्याची गरजच नाही. १३ मे १९९८ रोजी पोखरणला जे दोन छोटे स्फोट झाल्याचे भारताने जाहीर केले, ते परदेशांतल्या भूकंपमापकांवर उमटलेच नाहीत.

मी अणुशक्तीनगरात वाढले. माझे वडील तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नकाशे काढण्याच्या विभागात होते आणि १९९८ पर्यंत निवृत्त झाले होते. ११ मेला पोखरणला पहिले स्फोट झाले, त्या संध्याकाळी वसाहतीत पेढे वाटले गेले, ते मीही खाल्ले, आणि १३ तारखेचे स्फोट कोणाला कळले नाहीत ही गोष्ट तेव्हा कौतुकाने सांगितली जात होती. जूनमध्ये महाविद्यालय सुरू झाल्यावर एका मुलाने विचारले, “बाई, ११ मेच्या स्फोटांचा आकडा आपला खरा की त्यांचा?” भाभा अणुसंशोधन केंद्राचे म्हणणे होते की ११ मेचे तीन स्फोट मिळून सुमारे ५८ किलोटनांचे होते. परदेशी भूकंपशास्त्रज्ञ दूरच्या नोंदींवरून त्याच्या निम्म्याहून कमी आकडा सांगत होते. मी “आपला” असे उत्तर दिले आणि पुढचे प्रकरण उघडायला सांगितले. ते उत्तर मला आजही टोचते. आकडा चूक होता असे मला म्हणायचे नाही. कंपाच्या तीव्रतेवरून स्फोटाची शक्ती काढायची तर तिथल्या खडकाचा स्वभाव माहीत असावा लागतो, आणि तो बाहेरच्यांना माहीत नव्हता, हे आपल्या शास्त्रज्ञांचे उत्तर शास्त्राला धरूनच होते. पण मुलांसमोर ठेवायला माझ्याकडे आकडे नव्हते, फक्त निष्ठा होती. पुढे २००९ साली त्या चाचण्यांशी संबंधित असलेले शास्त्रज्ञ के. संथानम यांनीच मोठ्या स्फोटाविषयी शंका घेतली, सरकारने ती फेटाळली, आणि वाद पुन्हा निष्ठेवरच तुटला.

पडताळणी आंतरराष्ट्रीय हवी, ती याचसाठी. व्हिएन्नाच्या संस्थेला एखादी घटना अणुस्फोट होती की नव्हती हे जाहीर करण्याचा अधिकारच नाही. ती आकडे गोळा करते, तपासते आणि सर्व सदस्य देशांना सारखेच देते. निर्णय ज्याचा त्याने करायचा. पूर्वी असे आकडे फक्त महासत्तांकडे असत आणि बाकीच्यांनी कोणावर तरी विश्वास ठेवायचा असे. १६ ऑगस्ट १९९७ रोजी रशियाच्या नोवाया झेम्ल्या या चाचणीक्षेत्राच्या बाजूला कंप झाला, अमेरिकी गुप्तचरांना तो अणुस्फोट वाटला, आणि वर्तमानपत्रांत आरोप छापून आले. नंतर निरनिराळ्या केंद्रांच्या उघड्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की घटना चाचणीक्षेत्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, कारा समुद्राच्या तळाखाली झाली होती आणि तो भूकंप होता. चोर पकडण्याइतकेच, चोर नसलेल्यावरचा आळ काढणे हेही या जाळ्याचे काम आहे. चाचण्यांची भाषा पुन्हा सुरू झालेल्या आजच्या दिवसांत मला दुसरे काम अधिक मोलाचे वाटते, कारण ‘त्यांनी गुपचूप केली म्हणून आम्हीही करतो’ असे म्हणायला संशय पुरेसा असतो.

भारताने १९९६ साली सही नाकारली तेव्हा जिनिव्हात आपली बाजू राजदूत अरुंधती घोष यांनी मांडली. करारात अण्वस्त्रे नष्ट करण्याची कालमर्यादा नाही, आणि भारताच्या सहीविना करार लागूच होणार नाही अशी अट घालणे म्हणजे सार्वभौम देशावर दडपण आणणे आहे, हे आपले दोन्ही आक्षेप मला तेव्हाही रास्त वाटले आणि आजही वाटतात. त्या ओघात आपण आपली केंद्रेही जाळ्याबाहेर ठेवली, आणि म्हणून त्या ३३७ ठिकाणांत भारतातले एकही नाही. नकाशावर भारताची जागा रिकामी आहे.

इथे मला तो जिनिव्हाचा जुना गट आठवतो, ज्याने करार नसताना मोजमाप उभे केले. सही आणि मोजमाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९८ पासून आपण चाचणी न करण्याचे बंधन स्वतःहून पाळत आहोत, म्हणजे बंदीची किंमत मोजत आहोत, आणि चीनच्या लोप नॉर या चाचणीक्षेत्राच्या बाजूला कझाकस्तानातल्या माकांची केंद्रावर काय उमटले हे पाहण्याचा सदस्यांना असलेला हक्क मात्र आपल्याला नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर या जाळ्याचे आकडे सदस्य देशांच्या त्सुनामी केंद्रांना तातडीने मिळू लागले. हैदराबादचे आपले केंद्र उत्तम काम करते, पण ते या व्यवस्थेच्या बाहेर आहे. सही न करता काही केंद्रांच्या नोंदी देवाणघेवाणीच्या तत्त्वावर द्याव्यात आणि त्या प्रमाणात खर्चही उचलावा, अशी माझी सूचना आहे. एकदा जाळ्यात पाय टाकला की मागाहून करारात ओढले जाऊ, ही भीती मला माहीत आहे. पण सही करणे न करणे संसदेच्या आणि सरकारच्या हातात आहे, भूकंपमापकाच्या नाही.

आणि आपल्याकडे द्यायला काही नाही असेही नाही. बंगळुरूच्या उत्तरेला गौरीबिदनूर इथे १९६० च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटिशांच्या सहकार्याने भूकंपमापकांची एक रांग उभी राहिली, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या दोन भुजांची, आणि ती भाभा केंद्राने चालवली. मुंबईतल्या शास्त्रज्ञांनी दूरच्या चाचण्या ओळखण्याचे धडे तिथल्या नोंदींवर गिरवले. त्याच ब्रिटिश आराखड्याच्या आणखी रांगा स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्युअरला, कॅनडात येलोनाइफला आणि ऑस्ट्रेलियात वारामुंगाला उभारल्या गेल्या. ती तिन्ही भावंडे आज व्हिएन्नाच्या जाळ्यात आहेत, आणि २००६ साली कोरियाचा झेनॉन सापडला तो याच येलोनाइफला.

सहीच्याही आधीची एक पायरी आहे. व्हिएन्नाच्या या संस्थेच्या प्रमुखांनी भारताने निदान निरीक्षक म्हणून यावे असे पूर्वी जाहीरपणे सुचवले आहे. त्याला सही लागत नाही. आपल्यासारखीच सही न केलेल्या पाकिस्तानने तो दर्जा घेतला असून त्याचे प्रतिनिधी बैठकांना बसतात. निरीक्षकांच्या रांगेत भारताची पाटी अजून लागलेली नाही.